अर्ध्या छटाकाचा हिशेब

दशमान वजने प्रचारात येण्यापूर्वी, म्हणजे १९५८ च्या अगोदर, आपल्याकडील वाण्याच्या तराजूत छटाक नावाचे एक वजन असे. ते शेराचा सोळावा हिस्सा, पाच तोळे भाराचे, आजच्या हिशेबाने सुमारे ५८ ग्रॅमांचे. अर्धा छटाक हे माप जिरे, वेलदोडे, खसखस अशा जिनसांसाठी ठीक. वाढत्या वयाच्या मुलाची न्याहारीही त्यात कोणी मोजली नसती. परंतु स्थूलतेवरील शस्त्रक्रियांपैकी जिला रुग्णालयांतून नुसते ‘बायपास’ म्हणतात, तीत शल्यविशारद जठराचा जो चिमुकला कप्पा मागे ठेवतो त्यात सुमारे ३० मिलिलिटर द्रव मावतो. म्हणजे जुन्या भाषेत जवळजवळ अर्धा छटाक पाणी. ज्या उदरात काल लिटरभर अन्नपाणी सहज सामावत होते आणि ज्याच्या धन्याने पंक्तीत जिलब्यांचा हिशेब कधी ठेवला नव्हता, त्याच्याच नावे आज अर्ध्या छटाकाचे खाते उघडते, आणि त्या खात्यावर त्याला पुढचा प्रपंच चालवावयाचा असतो.

हे खाते चालवावे कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो केवळ वैद्यकाचा विषय नव्हे. स्वयंपाकघर, सणवार, पंगत, नातेगोते आणि माणसाचे स्वतःच्या जिभेशी असलेले जुने सख्य या सर्वांचा त्यात संबंध येतो. सामान्य समज असा की, पोट लहान केले की भूक लहान झाली, भूक लहान झाली की घास लहान झाला, आणि घास लहान झाला की प्रश्न मिटला. या साखळीतील पहिले दुवे बऱ्याच अंशी खरे आहेत. शेवटचा मात्र खोटा आहे. शस्त्रक्रियेनंतर अन्नाच्या मात्रेचा प्रश्न मिटत तर नाहीच, उलट एकाचे तीन प्रश्न होऊन पुढे उभे राहतात. पहिल्या दोन महिन्यांत ‘कमी कसे खावे’ यापेक्षा ‘पुरेसे कसे खावे’ हा प्रश्न असतो. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष ‘कोणत्या क्रमाने आणि किती वेळात खावे’ हा असतो. आणि पुढे आयुष्यभर ‘वाटीत काय असावे’ हा असतो. या तिन्हींना एकच उत्तर देऊ पाहणाऱ्याची फसगत ठरलेली आहे, असे माझे मत आहे, आणि खालील विवेचनाचा रोख तेच दाखविण्याचा आहे.

या शस्त्रक्रियांच्या इतिहासाकडे पाहिले तर मात्रेचा विचार त्यांत आरंभी नव्हताच, हे ध्यानात येते. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून त्याचे आरंभीचे आणि शेवटचे टोक जोडण्याची जी क्रिया प्रसिद्ध केली, तिचे तत्त्व असे की, रोग्याने खावे तितके खावे, शरीराने मात्र ते शोषू नये. वजन उतरले; पण अतिसार, मूतखडे आणि यकृताचे विकार असा जबर दंड रोग्यांना भरावा लागला, आणि कालांतराने ती क्रिया मोडीत निघाली. आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी निराळी वाट धरली. व्रणामुळे ज्यांच्या जठराचा मोठा भाग कापून टाकावा लागला असे रोगी पुढे सहसा अंगाने भरत नाहीत, या निरीक्षणाचा आधार घेऊन मेसन आणि त्यांचे सहकारी चिकाशी इटो यांनी जठराच्या वरच्या टोकाशी एक लहान कप्पा करून तो थेट आतड्याला जोडला, आणि १९६७ मध्ये ती हकीकत प्रसिद्ध केली. शोषणाला अटकाव करण्याऐवजी घासालाच अटकाव करावा, हा विचार येथे रुजला.

पुढे १९८० च्या सुमारास मेसन यांनीच आतड्याला हात न लावता, जठराचा वरचा भाग टाचण्यांच्या ओळीने वेगळा करून त्याच्या तोंडाशी पट्टी बसविण्याची क्रिया प्रचारात आणली. ही क्रिया म्हणजे मात्रानियंत्रणाचे शुद्ध रूप होते, आणि म्हणूनच तिच्या अनुभवाने दिलेला धडा विशेष मोलाचा ठरला. पट्टीने आवळलेल्या त्या अरुंद तोंडातून मांसाचा तुकडा किंवा कोरडा पाव उतरेना. आइस्क्रीम, दूध-साखरेची पेये आणि चॉकलेट मात्र विनासायास उतरू लागली. साहजिकच पुष्कळ रोग्यांनी, जाणून किंवा नकळत, जे उतरते त्याचाच आश्रय केला आणि गमावलेले वजन परत कमावले. दार अरुंद केल्याने पाहुण्यांची संख्या कमी होते, परंतु कोणता पाहुणा आत यावा याची निवड दार करीत नाही. ती घरधन्यालाच करावी लागते.

सांप्रत आपल्याकडे बायपासच्या बरोबरीने, किंबहुना अधिकच, प्रचलित असलेली क्रिया म्हणजे ‘स्लीव्ह’. तीत जठराची बाहेरील फुगीर बाजू, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश जठर, काढून टाकण्यात येते आणि करंगळीएवढ्या जाडीच्या नळीच्या अंदाजाने उरलेल्या जठराला केळ्याचा आकार देण्यात येतो. आरंभी अतिस्थूल रोग्यांवर दोन टप्प्यांत करावयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा हा केवळ पहिला टप्पा होता; परंतु या टप्प्यानेच अनेकांचे वजन इतके उतरले की दुसऱ्याची गरज पडली नाही. या नळीत बायपासच्या कप्प्यापेक्षा अधिक, म्हणजे १०० ते १५० मिलिलिटर मावते, तरीही रोग्याची भूक मंदावते. याचा उलगडा केवळ आकाराने होत नाही. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन नावाच्या संप्रेरकाचा शोध लावला. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि मेंदूकडे भुकेची वर्दी पोहोचविते. स्लीव्हमध्ये हाच भाग निघून जातो. शिवाय दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि तेथून जीएलपी-१ व पीवायवाय ही तृप्तीची वर्दी देणारी संप्रेरके अधिक प्रमाणात सुटतात. तेव्हा शस्त्रक्रिया केवळ भांडे लहान करीत नाही. भूक आणि तृप्ती यांच्या दफ्तरातील कारकूनही बदलते. मात्र हे नवे कारकून जन्मभर सारख्याच तत्परतेने काम करतील अशी हमी कोणी देत नाही.

आपल्या देशापुरता एक मुद्दा येथेच नोंदवून पुढे जावे. उंचीच्या मानाने वजन किती, हे दर्शविणारा जो निर्देशांक, त्याची पाश्चात्त्य मर्यादा आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण मांडले होते: दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसावयास किरकोळ आणि आतून मेदयुक्त, अशी ही भारतीय देहप्रकृती. म्हणून जेथे १९९१ च्या अमेरिकी निर्णयाने शस्त्रक्रियेसाठी ४०, किंवा सोबत व्याधी असल्यास ३५, ही मर्यादा घातली होती, तेथे भारतीय तज्ज्ञांनी ती ३७.५ आणि ३२.५ इतकी खाली आणली, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच हा उपाय देऊ करावा असे म्हटले. विम्याच्या करारातील प्रमाणित कलम मात्र अद्याप ४० आणि ३५ च्या भाषेत बोलते, आणि वैद्याच्या मापाने पात्र ठरलेला रोगी विम्याच्या मापाने अपात्र ठरतो. मापांचा हा झगडा, अशा रीतीने, पहिला घास घेण्यापूर्वीच सुरू होतो.

आता पहिल्या कालखंडाकडे वळू. शस्त्रक्रियेनंतरचे एक-दोन दिवस निव्वळ पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले सूप. नंतर सुमारे दोन आठवडे पातळ आहार, म्हणजे गाळलेले मुगाचे कढण, वरणाची निवळ, साय काढलेले दूध, ताक. त्यापुढे दोन-तीन आठवडे मिक्सरमधून काढलेले, घोटलेले अन्न. मग मऊ अन्न. आणि सहा ते आठ आठवड्यांनी नित्याचे जेवण, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. कोणत्या पायरीवर किती दिवस, याविषयी रुग्णालयारुग्णालयांत तफावत आढळते. एके ठिकाणी दोन आठवड्यांनी जे चालते ते दुसरीकडे चौथ्या आठवड्यापर्यंत वर्ज्य असते. पायऱ्यांच्या क्रमाविषयी मात्र दुमत नाही, कारण त्यामागचा हेतू साधा आहे: शिवलेली जागा भरून येईपर्यंत तिच्यावर ताण पडू नये. दोन रोग्यांनी एकमेकांच्या आहारपत्रिकांची तुलना करून स्वतःची मुदत परस्पर कमी करणे हा म्हणूनच शहाणपणा नव्हे. ज्याने टाके घातले त्याचीच पत्रिका पाळावी.

या काळात मात्रेचे गणित उलटे असते, आणि तेच लोकांच्या ध्यानात येत नाही. दिवसाला निदान दीड लिटर द्रव पोटात जावयास हवा आणि एका वेळी तर ३० मिलिलिटरच्या वर घेववत नाही. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी ती लहानशी प्लॅस्टिकची मापटी भरून दर पंधरा मिनिटांनी घोटघोट प्यावयाचे ठरविले, तर तासाला १२० मिलिलिटर होतात, आणि जागेपणीचे साडेबारा तास ही नोकरी चुकवली नाही तरच दीड लिटरचा आकडा भरतो. ज्याला कमी खाण्याचे व्रत घ्यावयाचे होते त्याला असे दिवसभर पिण्याच्या चाकरीवर रुजू व्हावे लागते. येथे हयगय झाली तर तोंड कोरडे पडणे, लघवी गडद होणे, उठताना भोवळ येणे अशी लक्षणे दिसू लागतात, आणि घरची माणसे त्याचा दोष अन्न कमी पडण्याला देतात, वास्तविक कमी पडलेले असते ते पाणी.

दुसरी तूट प्रथिनांची. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सर्वमान्य दंडक आहे. ती न मिळाल्यास उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही वाहून जातात. आता शाकाहारी घरातील हिशेब पाहा. अर्धी वाटी घट्ट वरणात साडेतीन ग्रॅमांच्या आसपास प्रथिन असते. दिवसातून चार वेळा अर्धी अर्धी वाटी खाल्ली तरी बेरीज १४ वर थांबते. पेलाभर दुधाचे सहा-साडेसहा, दह्याच्या लहान वाटीचे तीन-चार, ३० ग्रॅम पनीराचे पाच-सहा धरले तरी साठीचा पल्ला दूरच राहतो. अंडे चालत असेल तर एका अंड्यामागे सहा ग्रॅमांची भर पडते. मासळी खाणाऱ्या कोकणी-गोमंतकीय घरात मऊ शिजलेल्या माशाने हे काम बरेच सुकर होते. इतरांना मात्र प्रथिनांच्या भुकटीचा डबा काही महिने घरात ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तो डबा व्यायामशाळेतील तरुणांची चैन आहे, अशा समजुतीने पुष्कळ वडीलधारी माणसे त्याकडे नाक मुरडतात. पण ३० मिलिलिटरच्या जठराला वरणाच्या निवळीतून ६० ग्रॅम प्रथिने मिळणे अशक्य आहे, ही साध्या अंकगणिताची गोष्ट आहे. पेज, साबुदाण्याची लापशी, भाताचे पाणी ही आपली आजारपणातील परंपरागत पथ्ये पचावयास हलकी खरी, पण या प्रसंगी ती पोकळ ठरतात.

दुसरा कालखंड मऊ अन्नापासून सुरू होतो, आणि येथे मात्रेची साधने तीन: चमचा, वाटी आणि घड्याळ. पहिल्या महिन्याच्या अखेरीस एका वेळचे जेवण सुमारे छटाकभर, म्हणजे तीन-चार मोठे चमचे असते. तीन महिन्यांच्या सुमारास ते अर्ध्या-पाऊण वाटीवर येते. वर्षअखेर एक ते दीड वाटीपर्यंत जाते. चहाचा चमचा वापरावा, घास हरभऱ्याएवढा घ्यावा, तो वीस-तीस वेळा चावावा, दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवावा आणि एवढेसे जेवण वीस ते तीस मिनिटांत पुरे करावे, असा परिपाठ सांगितला जातो. घास बत्तीस वेळा चावण्याची आजोबांची ताकीद, जिच्याकडे आपण बालपणी दुर्लक्ष केले, तीच आता आहारतज्ज्ञाच्या छापील कागदावर परत येते. तृप्तीची वर्दी पोहोचावयास वेळ लागतो आणि एक घास जादा झाल्यावर ती येऊन उपयोग नसतो, म्हणून घड्याळाला हे महत्त्व आहे. छातीत दाटून येणे, उचकी, शिंक, नाकातून पाणी ही शरीराची इशारतीची चिन्हे होत. त्यांपैकी एकही दिसताच ताट बाजूला सारावे, चमच्यात घास उरला असला तरीही. ‘अन्न टाकू नये’ हा संस्कार आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, आणि तो स्तुत्यच आहे. पण तो वाढून घेताना पाळावा, पोट भरल्यानंतर नव्हे.

परंतु वाटी लहान करणे हे या कालखंडातील अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे ताटाच्या रचनेचे आहे. महाराष्ट्रीय ताटाची मांडणी पाहा. मध्यभागी भाताची मूद, तीवर वरण आणि तूप. भोवती पोळी किंवा भाकरी. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाजी, उसळ, आमटी. म्हणजे ताटाचा मध्य धान्याकडे आहे आणि प्रथिने कडेला आहेत. शिवाय आरंभ वरणभाताने होतो. ज्याच्या पोटात वाटीभरच मावणार त्याने या मांडणीप्रमाणे जेवावयाचे ठरविले, तर मूद संपेपर्यंत पोट भरते आणि मुगाची उसळ ताटातच राहते. म्हणून मध्य आणि कड यांची अदलाबदल करावी लागते: प्रथम उसळ, घट्ट वरण, पनीर, अंडे किंवा मासा, मग शिजलेली भाजी, आणि जागा उरली तर अखेरीस भाताचा घास किंवा पोळीचा चतकोर. मुगाच्या डाळीचे धिरडे, पिठल्याचा मऊ गोळा, दह्यात कालवलेले मऊ थालीपीठ असे कितीतरी घरगुती पदार्थ या क्रमात उत्तम बसतात. ताजा मऊ पाव मात्र चावताना गोळा होऊन अडकतो, चिवट मटण आणि शेवग्याच्या शेंगेचा चोथा त्रास देतो, आणि कोरडा भात काहींना अनेक महिने सोसत नाही.

जेवणाबरोबर पाणी पिऊ नये, जेवणानंतर अर्धा तास थांबावे, हा नियम तर सर्वच आहारपत्रिकांत असतो. त्यामागील युक्तिवाद असा की, पाण्याने अन्न लवकर पुढे सरकते, तृप्ती टिकत नाही, आणि लहान कप्प्यात दोन्ही एकदम मावत नाहीत. या नियमाला प्रयोगांपेक्षा अनुभवाचे पाठबळ अधिक आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही निदान पहिल्या वर्षी तो पाळण्यात रोग्याचा तोटा काहीच नाही. आपल्या परंपरेशी याची तुलना उद्बोधक वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मात्रेने खाण्याच्या महतीवर ‘मात्राशितीय’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे, आणि वाग्भटाने उदराचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वायूला राखून ठेवण्यास सांगितले आहे. वाग्भटाचे जठर प्रशस्त होते, म्हणून त्यात अन्न आणि पाणी शेजारी राहू शकत. अर्ध्या छटाकाच्या घरात दोन बिऱ्हाडे एकाच वेळी नांदत नाहीत, त्यांना पाळीपाळीने यावे लागते. पोट गच्च भरू नये, हे तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच आहे.

नियम मोडल्याची शिक्षा या देहात फार लवकर मिळते. विशेषतः बायपासनंतर शिरा, बासुंदी, आमरस असा गोड पदार्थ खाल्ला की तो आतड्यात एकदम उतरतो, तेथे पाणी ओढून घेतो, आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा प्रकार होतो; कधी एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून हातपाय थरथरतात. यास ‘डंपिंग’ म्हणतात. हा प्रकार त्रासदायक असला तरी बहुधा आहार सुधारल्याने आटोक्यात येतो. सततची वांती मात्र निराळी. ती झाली की थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, थोड्याच आठवड्यांत संपुष्टात येते, कारण शरीरात त्याचा साठा अल्प असतो. मग चालताना तोल जाणे, डोळ्यांपुढे दोन प्रतिमा दिसणे, भ्रम होणे अशी मेंदूच्या विकाराची लक्षणे उद्भवतात. पॉलिश केलेल्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांत जावा बेटावर आइकमन यांनी जो रोग पाहिला आणि ज्या संशोधनास १९२९ चे नोबेल पारितोषिक लाभले, त्याच बेरीबेरीचे हे भावंड. तेव्हा उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर ‘पोट बिघडले असेल’ म्हणून लिंबू-सरबतावर दिवस काढू नयेत. सरळ रुग्णालय गाठावे.

मात्रा लहान झाली की अन्नातील सूक्ष्म घटकांचीही आवक घटते, म्हणून गोळ्यांचे एक जोडखाते उघडावे लागते आणि ते बंद करण्याची सोय नसते. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम ही त्यातील मुख्य कलमे. कॅल्शियम एकदम घेतल्यास अंगी लागत नाही, म्हणून ते ५००-६०० मिलिग्रॅमांच्या हप्त्यांत घ्यावे. लोह आणि कॅल्शियम यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच घेऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण अडवितो. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात, त्याने अनेक स्त्रिया धास्तावतात. हे गळणे बहुधा तात्पुरते असते. रक्ताची तपासणी मात्र वर्षातून एकदा तरी व्हावीच, कारण बी-१२ ची तूट वर्षानुवर्षे मुकाट साचत जाते आणि प्रकट होते तेव्हा मज्जातंतूंना इजा झालेली असते.

तिसरा कालखंड सर्वांत शांत, आणि म्हणूनच सर्वांत फसवा. जखम भरलेली असते, कपडे सैल झालेले असतात, मधुमेहाची औषधे कमी किंवा बंद झालेली असतात, आणि जठरही थोडे सैलावलेले असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून ४,०४७ स्थूल व्यक्तींचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते आणि दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली होती. शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाणही कमी भरले. हा आकडा दोन्ही अंगांनी वाचावा. घट टिकली, हे खरे. पण थोडे वजन परतते, हेही खरे, आणि परतलेल्या प्रत्येक किलोला रोग्याचा कसूर समजून त्याला पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. तथापि जेथे वजन बेफाम परतते तेथे बहुधा जेवण वाढलेले आढळत नाही. वाढलेले असते ते जेवणाखेरीजचे खाणे. चहात बुडवलेली खारी, येता-जाता मूठभर शेव, दिवाळीनंतर महिनाभर पुरणारा चिवडा, उन्हाळ्यातील आमरस: हे पदार्थ तोंडात विरघळून तत्काळ पुढे सरकतात, जठर भरल्याची वर्दी कधी देतच नाहीत, आणि दिवसअखेर त्यांची रक्कम दोन जेवणांएवढी होते. मेसन यांच्या काळातील आइस्क्रीमचीच ही देशी आवृत्ती. मद्याविषयीही येथेच सांगावयास हवे: बायपासनंतर ते रक्तात फार लवकर चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसन जडण्याचा धोका वाढल्याचे आढळले आहे.

मग वाटी आणि तराजू जन्मभर बाळगावेत काय, यावर तज्ज्ञांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की, अंदाज हा माणसाचा सर्वांत लबाड मुनीम असल्याने प्रत्येक घास मोजावा. दुसरा म्हणतो की, अन्नाकडे आयुष्यभर ग्रॅमांच्या नजरेने पाहणारा माणूस एका आजारातून सुटून दुसऱ्यात सापडतो; त्याने शरीराची इशारत ओळखावी आणि तराजू फडताळात ठेवावा. मला दोन्ही पक्ष आपापल्या कालखंडात बरोबर वाटतात. पहिल्या वर्षी शरीराच्या इशारती अपरिचित असतात, म्हणून मोजावे. पुढे डोळ्यांना मापाची सवय झाली की मोजणे सोडावे, आणि वजन दोन-तीन किलोंनी चढलेले दिसले की महिनाभर पुन्हा मोजावे. मोजण्यापेक्षा लिहिण्याचा उपयोग अधिक: जेवणाच्या वेळा आणि मधल्या वेळचे खाणे एका वहीत उतरविले, तर फसवणूक कोठे होते ते कोणी सांगावे लागत नाही. अलीकडे भूक मंदावणारी इंजेक्शने आपल्याकडेही उपलब्ध झाली आहेत. ती घेणाऱ्यांपुढेही प्रथिने, पाणी आणि स्नायू यांचा हाच हिशेब उभा राहतो, इतके नमूद करून तो विषय सोडतो.

राहता राहिला आपल्या समाजाचा भाग. उपासाच्या दिवशी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही आपली थट्टा आपणच केलेली आहे. पण या रोग्याच्या बाबतीत ती थट्टा राहत नाही, कारण शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिन नसते आणि खिचडीच्या अर्ध्या वाटीने त्याचे पोट मात्र पुरते भरते. पहिल्या वर्षात उपास करूच नयेत, आणि पुढे करावयाचे झाले तर दूध, दही, पनीर यांवर करावेत. त्याहून कठीण आहे तो आग्रह. यजमानीण बाई जिलबीचे ताट घेऊन पंक्तीतून फिरत असतात आणि ‘अहो भाऊजी, एवढ्याशा जेवणाने आमचा अपमान करता की काय?’ असे लटक्या रागाने विचारतात. भोवतालच्या मंडळींच्या नजरा वळतात. आणि ज्या माणसाने सहा महिने चमच्याचमच्याने संयम जमविला, तो एका संकोचापायी चार घास जादा खाऊन मोरीकडे धावतो. आग्रह हा आपल्या आतिथ्याचा दागिना होता, कारण तो अन्नटंचाईच्या काळात घडला. पाहुणा संकोचाने उपाशी उठू नये, हा त्याचा हेतू. आज तोच पाहुणा संकोचाने जादा खातो, तेव्हा हेतू उलटलेला असतो.

या सर्व आढाव्यातून माझा निष्कर्ष असा. शल्यविशारद जठर एकदाच मोजतो, आणि त्या मोजणीने फार तर वर्ष-दीड वर्षाची मुदत मिळते. त्या मुदतीत क्रम, वेळ आणि वाटीतील जिन्नस यांची सवय लावून घेतली तर शस्त्रक्रिया फळते, नाही तर ती मुदत आणि पैसा दोन्ही वाया जातात. हे काम रोग्याचे असले तरी ते त्याला एकट्याने करावयास लावू नये. घरच्यांनी त्याच्यासाठी एक लहान वाटी आणि चहाचा चमचा निराळा काढून ठेवावा, त्याच्या ताटात प्रथम उसळ वाढावी, आणि तो ‘पुरे’ म्हणाला की भांडे घेऊन पुढच्या पानाकडे जावे.